घरातील राउटर झिजतो काय?

यंत्र झिजते ते घर्षणाने, असा सर्वसाधारण समज आहे. आणि शिवणयंत्राविषयी किंवा गाडीच्या आसाविषयी तो खराही आहे. परंतु घरोघरी इंटरनेट पोहोचविणाऱ्या राउटर नामक पेटीत बहुधा हलणारा एकही भाग नसतो. मग चार-पाच वर्षे बिनतक्रार चाललेली ही पेटी एकाएकी अडखळू लागली, तर ती झिजली म्हणावयाचे की दोष अन्यत्र शोधावयाचा? नव्या पेटीचा खर्च ह्या उत्तरावरच अवलंबून असतो.

झीज होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. राउटरला वीज पुरविणाऱ्या ॲडॉप्टरमध्ये धारित्रे, म्हणजेच कॅपॅसिटर, असतात. त्यांच्या एका प्रकारात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या गुंडाळीत विद्युत्‌वाहक द्राव मुरविलेला असतो. वर्षानुवर्षे हा द्राव बाष्परूपाने हळूहळू निसटत राहतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की अशा धारित्राचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून बंद कपाटात कोंडलेली पेटी लवकर म्हातारी होते. धारित्र सुकले म्हणजे विजेचा दाब स्थिर राखण्याची त्याची शक्ती घटते, दाब क्षणभर उतरतो आणि राउटर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो. अशा वेळी तेवढ्याच व्होल्टचा, तीच ध्रुवता असलेला व निदान तेवढा प्रवाह देऊ शकणारा दुसरा ॲडॉप्टर जोडून पाहावा. पुष्कळदा पेटी निर्दोष ठरते.

दिवे स्थिर असूनही वेग मंदावत असेल, तर संगणक तारेने राउटरला जोडावा. तारेवर काम सुरळीत चालले, तर संशय रेडिओलहरींवर जातो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांस न अडविणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन, १, ६ व ११. दाट वस्तीच्या इमारतीत शेजाऱ्यांचे राउटर त्यांवरच गर्दी करतात. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात चालते! वाहिनी बदलणे किंवा पेटी भिंतीआडून मोकळ्यावर आणणे, हा येथे बिनखर्चाचा उपाय होय. तारेवरही तीच रड असेल, तर तारेची टोके व बाहेरून येणारी जोडणी तपासावी.

एक प्रकार मात्र ह्या दोहोंतही बसत नाही. निर्मात्याने सुरक्षिततेच्या सुधारणा पाठविणे थांबविले, की धडधाकट राउटरमध्येही नव्याने उघडकीस आलेल्या त्रुटी तशाच राहतात, आणि कोणताही नवा ॲडॉप्टर त्या बुजवू शकत नाही.