सप्ताहाला महाराज बाहेरचे, मग टाळकरी कुठले?

जवळा बाजार : सप्ताहाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली की आधी बघितलं जातं, कोणत्या दिवशी कोणते महाराज. फोटो त्यांचेच असतात. काकडा आणि हरिपाठाला एकेक ओळ, आणि सगळ्यात खाली ‘समस्त गावकरी भजनी मंडळ’. सप्ताह चालतो तो मात्र या खालच्या ओळीवर.

सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा नियम. म्हणजे रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभं राहणार. रात्री दोनचा पहारा सहसा तोच करतो, ज्याला सकाळी शेतात जायचं असतं. रात्रीच्या कीर्तनातही महाराज निरूपण करतात, पण ध्रुपद उचलायला मागे टाळकरी लागतात. महाराजांनी दम घेतला की चाल तेच धरून ठेवतात. मागची रांग कच्ची असली तर भल्याभल्यांचं कीर्तन पडतं.

ही रांग पूर्वी गावचीच असायची. आता बऱ्याच ठिकाणी गायनाचार्य आणि मृदंगाचार्यही बाहेरून बोलावतात. त्यांचा गळा तयार, हात तयार. ऐकायला गोडच लागतं. साउंडवाला माइकही त्यांच्यापुढेच लावतो. गावचा टाळकरी आधी मागे सरकतो, मग मंडपात जाऊन बसतो आणि शेवटी मोबाइलवर शूटिंग करत उभा राहतो.

इथंच खरं नुकसान आहे. गावात टाळ शिकायची वेगळी शाळा नसते. पोरगं हरिपाठाला मोठ्यांशेजारी उभं राहतं, ताल चुकला की आजोबा कोपरानं ढोसतात, आणि दोन-तीन सप्ताहांत पावली बसते. उभं राहायला जागाच नसेल तर ते शिकणार कधी?

यात बाहेरच्यांना दोष द्यायचं कारण नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. असं शिकून, गावोगाव फिरून जो पोट भरतो त्याला गाडीखर्च आणि मानधन लागणारच. तुकोबांनी कीर्तनाचे पैसे घेऊ नयेत असं एका अभंगात बजावलंय, ते खरं. पण पाकिटावरून महाराजांना नावं ठेवणारेच पुढच्या वर्षी सगळ्यात गाजलेल्या महाराजांची तारीख मागतात, हेही खरंच!

आपल्याच तालुक्यातली आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. औंढ्याला नामदेवांना देवळापुढून उठवलं, त्यांनी मागे जाऊन कीर्तन केलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. त्यांना तिथं कुणी तारीख दिली नव्हती.

मोठे महाराज बोलवावेत, गर्दी त्यांच्यामुळेच होते. पण पत्रिका छापायला टाकण्याआधी कमिटीनं थोडं ठरवून घ्यावं. काकडा आणि हरिपाठ पूर्ण गावचाच. कीर्तनात एका बाजूची टाळकऱ्यांची रांग गावची, आणि एक माइक तिच्यापुढं. सातपैकी एका रात्री पखवाज गावच्याच पोरानं वाजवावा; महाराजांना आधी फोनवर तसं सांगितलं तर ते सोप्या चाली घेतात. आणि पहाऱ्याची यादी करताना रात्री दोनच्या वीणेकऱ्याबरोबर एक शिकाऊ पोरगंही जोडीला द्यावं.