नावडत्याला चौकात बोलू द्यायचे का?

गोपाळ गणेश आगरकर अकोल्याच्या शाळेतून मॅट्रिक झाले. पुढे पुण्यात त्यांच्या सुधारकी मतांवर चिडलेल्या लोकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर खरोखरच वारले आणि त्याच डिसेंबरात पुण्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले. काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देणार नाही, असा हट्ट विरोधकांनी धरला. मंडप जाळण्याची भाषा झाली आणि न्यायमूर्ती रानडे यांना परिषद दुसरीकडे न्यावी लागली. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, काँग्रेस अमरावतीला भरली. तिथल्या सामाजिक परिषदेत रानड्यांनी पुनरुज्जीवन की सुधारणा या विषयावरचे आपले गाजलेले भाषण केले.

म्हणून पुणे असहिष्णू आणि वऱ्हाड सहिष्णू ठरते का? आम्हा वऱ्हाडकरांना तसे म्हणायला आवडेल, पण ते खरे नव्हे. मंडप जाळू म्हणणारे किती होते, गप्प राहून त्यांना मनातून दुजोरा देणारे किती होते, याची मोजदाद कोणी केली नाही. घटना मोजल्या की फक्त आवाज मोजला जातो. मने मोजायची तर माणसांना विचारावे लागते, आणि अडचण तिथेच सुरू होते.

कारण सरळ विचारले तर सगळेच उदार निघतात. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला भारतात सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे फार महत्त्वाचे आहे, असे ८४ टक्के लोकांनी सांगितले. त्याच पाहणीत ३६ टक्के हिंदूंनी मुसलमान शेजारी नको असल्याचेही सांगितले. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात. पहिल्या प्रश्नाला माणूस आपल्या तत्त्वाने उत्तर देतो, दुसऱ्याला आपल्या गल्लीने.

हे ओळखून १९५४ मध्ये सॅम्युअल स्टाउफर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने तत्त्वाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि ठोस प्रसंग विचारले. कम्युनिस्टाला तुमच्या गावात भाषण करू द्याल का? त्याचे पुस्तक वाचनालयात ठेवाल का? त्याला महाविद्यालयात शिकवू द्याल का? भाषणाला परवानगी देणारे फक्त २७ टक्के निघाले, नास्तिकाच्या भाषणाला ३७ टक्के. सत्तरच्या दशकात पुन्हा विचारले तेव्हा कम्युनिस्टाला बोलू देणारे निम्म्याहून थोडे अधिक झाले होते. लोक उदार झाले, असा निष्कर्ष निघाला आणि अभ्यासक खूश झाले.

जॉन सुलिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र त्यात खोट दिसली. लोकांचा कम्युनिस्टांवरचा राग ओसरला असेल, तर त्यांना बोलू देण्यात सहिष्णुता कसली? ज्याचा राग नाही त्याला सहन करावेच लागत नाही. म्हणून त्यांनी आधी विचारले, तुम्हाला सर्वांत नावडता गट कोणता? मग त्याच गटाविषयी भाषणाचे, सभेचे, शिकवण्याचे प्रश्न. १९७९ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की असे मोजले तर ती वाढलेली उदारता बरीचशी विरघळते. राग होता तितकाच होता, त्याचा पत्ता बदलला होता.

ही पद्धत वरूडला आणायची तर काय करावे लागेल? पहिली अडचण शब्दाची. ‘सहिष्णुता’ हा शब्द निबंधात चालतो. पारावर लोक ‘चालते’, ‘जमते’, ‘खपवून घेतो’ म्हणतात आणि या तिघांचा अर्थ सारखा नाही. ‘चालते’मध्ये बेफिकिरी आहे, ‘खपवून घेतो’मध्ये दात आवळलेले आहेत, आणि आपल्याला मोजायचे आहे ते हे दुसरेच. तेव्हा प्रश्न ‘तुम्ही सहिष्णू आहात का’ असा नको. आधी नावडता पक्ष किंवा मत वदवून घ्यावे आणि मग विचारावे, ‘त्याले चौकात बोलू द्याचं का नाही?’ पुढे: त्याचे पुस्तक गावच्या वाचनालयात ठेवायचे का? तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर चालेल का? तुमची वरची खोली रिकामी असेल तर त्याला भाड्याने द्याल का? आंबिया बहाराचा सौदा त्याच्याशी कराल का? शेवटच्या प्रश्नाला बहुधा सगळे हो म्हणतील, कारण संत्र्याचा भाव पक्ष विचारत नाही. सौद्याला हो आणि खोलीला नाही, या दोहोंतले अंतर हेच आपले माप.

परदेशी प्रश्न जसेच्या तसे उचलून भागत नाही. अमेरिकेत विचारतात, तुमच्या मुलाने विरोधी पक्षाच्या घरात लग्न केले तर वाईट वाटेल का? १९६० मध्ये जेमतेम ५ टक्के हो म्हणत. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश. आपल्याकडे सोयरिकीत पक्षाची पाळी येण्याआधीच जात निकाल लावून मोकळी होते. त्यापेक्षा सोसायटीच्या निवडणुकीत तुमच्या विरोधात गेलेल्याच्या घरच्या लग्नाला यंदा गेलात का, हा प्रश्न जास्त बोलका ठरेल.

आणखी एक पेच. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात, विशेषतः मराठवाड्यात, गावोगाव पुढाऱ्यांना प्रवेशबंदीचे फलक लागले. ही असहिष्णुता की निषेध? माझ्या मते फलक सर्वच पक्षांच्या पुढाऱ्यांना अडवत होता, म्हणजे तो विरोधी मताविरुद्ध नव्हता. पण गावातल्याच एखाद्याला आपल्या आवडत्या पुढाऱ्याला घरी बोलवायचे असते, तर? प्रश्नावलीत त्या माणसासाठी वेगळी ओळ हवी.

उत्तर कुठे घेतले जाते तेही महत्त्वाचे. ओसरीवर मुलाखत सुरू झाली की चार शेजारी जमतात आणि उत्तर त्यांना ऐकवण्यासाठी दिले जाते. विचारणाऱ्याच्या आडनावाने तर उत्तर हमखास बदलते. शिवाय ज्याच्यावर बहिष्कार पडला आहे तो ओसरीवर बोलणारच नाही. सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला, २०१७ मध्ये तो लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. पण कायद्याखाली नोंदलेली प्रकरणे मोजणे म्हणजे पुन्हा मंडप मोजणेच. तक्रार करण्याची हिंमत झाली तेवढेच दिसते.

यातून वाट काढण्याचा एक साधा नमुना आपल्याच देशात आहे. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने २०११-१२ मध्ये ४२ हजारांहून अधिक कुटुंबांना विचारले, घरात कोणी अस्पृश्यता पाळते का? नाही म्हणणाऱ्यांना लगेच पुढचा प्रश्न होता: अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तुमची भांडी वापरली, तर चालेल का? दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के घरांनी कोणत्या ना कोणत्या रूपात कबुली दिली. पहिल्या प्रश्नावरच थांबले असते तर यांतली बरीच घरे हिशेबातून सुटली असती. मताच्या बाबतीत असा दुसरा प्रश्न कोणता, तो वरूडच्या बोलीत नेमका कसा विचारायचा आणि चार शेजारी उठून गेल्यावर विचारायचा की त्यांच्यादेखत, हे एखाद्या महाविद्यालयातल्या पोरांनी दिवाळीच्या सुटीत दोन गावांत करून पाहण्याजोगे आहे. कागद-पेन्सिलीपलीकडे खर्च नाही. मात्र पहिली मुलाखत त्यांनी आपल्याच घरी घ्यावी.