सातबाऱ्यावरचं वर्तुळ वाचा



आंब्याच्या मोहोराची चौकशी करणारे पुष्कळ भेटतात. पण कलमं ज्या जमिनीत उभी आहेत तिच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचं, असं विचारलं की बरेचजण आजोबांचं सांगतात. आजोबांना जाऊन वीस वर्षं झालेली असतात!

गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, आणि बारा म्हणजे तीत काय पिकतं. सातवर एखाद्या नावाला कंस असेल तर ते नाव कमी झालेलं आहे. शेजारी वर्तुळात आकडा असतो, त्याकडे कोणी बघत नाही. तो फेरफाराचा नंबर. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, तीत त्या नंबराखाली नाव का बदललं ते लिहिलेलं असतं : खरेदी, वारस, वाटणी की कुळ.

आपल्या दापोलीकडे हे जास्तच लागतं. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, कसणारी कुळं कायद्यानं खरेदीदार ठरली. त्यात निम्मं घर मुंबईला. मधेच नाव गळलं असेल तर ते जुन्या फेरफारातच सापडेल. नक्कल तलाठ्यांकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागा. फार जुना कागद मोडीत असला तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाज करू नका.

घरातलं खातेदार माणूस गेलं, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांत वारस कळवायचे. मृत्यूचा दाखला जोडा आणि सगळ्या वारसांची नावं द्या, लग्न झालेल्या बहिणींचीसुद्धा. "तिला काय करायचीय जमीन" म्हणून वगळलेलं नाव पुढे कोर्टात भेटतं. नोंद धरल्यावर नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि उलट सिद्ध होईपर्यंत तीच खरी धरली जाते. म्हणून हरकत असेल तर मुदतीतच लेखी द्या, पोच घ्या. नंतर प्रांतांकडे अपील आहे, पण हेलपाटे वाढतात.

राहिला नमुना बारा. कलमं डोक्याएवढी झाली तरी कागदावर गवतच, असं होऊ देऊ नका. २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपली नोंद आपणच फोनवरून करायची आहे. जमत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला बरोबर घ्या. मात्र फोटो बागेत उभं राहून काढावा लागतो, ओटीवर बसून नाही.