लिनक्स सुरू होत नाही, तेव्हा ‘फॉरमॅट’ हा पहिला उपाय नव्हे

बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या माझ्या मामांचा संगणक दहा वर्षांचा जुना. विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत तो बसेना, म्हणून त्यावर लिनक्स मिंट बसवले. गोव्यातही अनेक घरांनी हाच मार्ग पत्करला आहे. पुढे एका संध्याकाळी मामा टंकलेखन करीत असताना वीज गेली, आली आणि पुन्हा गेली. त्यानंतर संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे आणि खाली लुकलुकणारी रेघ. ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने दूरध्वनीवरच निदान केले : फॉरमॅट करावे लागेल. त्या डिस्कवर घराण्याच्या कुळवृत्तांताची बारा वर्षांची टिपणे होती आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मामांनी मला फोंड्याला फोन केला. मी एवढेच म्हटले, ‘‘मामा, तुम्ही कशालाही हात लावू नका. पडद्यावरची शेवटची ओळ जशी आहे तशी वाचून दाखवा.’’ त्यांनी एकेक अक्षर वाचले. मूळ फाइल-प्रणालीची तपासणी हाताने करावी लागेल, असा त्या ओळीचा अर्थ होता. म्हणजे डिस्क दिसत होती, लिनक्सचा गाभा सुरू झाला होता. अडले होते ते डिस्क वापरात घेण्याच्या पायरीवर.

संगणक सुरू होणे ही एक क्रिया नसून पायऱ्यांची साखळी आहे. आधी मदरबोर्डवरील मूळ आज्ञावली जागी होते, ती डिस्क शोधते. डिस्कवरील ‘ग्रब’ नावाचा छोटा कार्यक्रम लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. कर्नल डिस्क जोडून घेतो, मग एकेक सेवा सुरू होते आणि अखेरीस प्रवेशाचा पडदा येतो. साखळी कोणत्या कडीपाशी तुटली हे कळले की निम्मे काम होते. फॉरमॅट करणारा मात्र हा शोध घेतच नाही. तो साखळी नवी आणतो आणि जुनीबरोबर तिला बांधलेले सर्व काही फेकून देतो.

मामांच्या डिस्कचे काय झाले होते? मिंट आणि उबुंटू सामान्यतः ‘ईएक्सटी-४’ ही फाइल-प्रणाली वापरतात. जुन्या पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत नोंदवून मग खतावणीत उतरवीत, तसेच ही प्रणाली करते : करावयाच्या बदलाची नोंद आधी ‘जर्नल’मध्ये, मग प्रत्यक्ष जागी. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी रोजकीर्द पाहून खतावणी पुरी केली जाते, तीही आपल्या नकळत. परंतु नोंदींतच विसंगती आढळली, तर संगणक स्वतः निर्णय न घेता थांबतो आणि माणसाला विचारतो. आपण त्याला बिघाड म्हणतो. माझ्या मते तो सावधपणा आहे.

उपाय ‘एफएससीके’ या तपासणी-आज्ञेचा. पण ती लगेच द्यायची नव्हती, कारण ही आज्ञा डिस्कवर लिहिते. डिस्क मुळातच मरणपंथाला लागली असेल, तर दुरुस्तीच तिचा घात करते. सुदैवाने मिंट बसवताना वापरलेला पेनड्राइव्ह मामांच्या कपाटात होता. त्यावरून संगणक सुरू केला की डिस्कला धक्का न लावता पूर्ण लिनक्स चालते. त्यातील ‘डिस्क्स’ या साधनाने डिस्कची प्रकृती ठीक असल्याचे सांगितले. मग कुळवृत्तांताची फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवली आणि त्यानंतरच, मूळ विभाग न जोडता, त्यावर तपासणी चालवली. काही मिनिटांत संगणक पूर्ववत सुरू झाला. गेले ते त्या संध्याकाळचे दीड पान.

सर्वांचा अडथळा याच कडीवर असतो असे नाही. ‘बूट करण्याजोगे साधन नाही’ अशा अर्थाचा संदेश आल्यास अडथळा ग्रबच्याही आधीचा असतो. जुन्या संगणकात याचे एक कारण हमखास दुर्लक्षिले जाते : मदरबोर्डवरील ‘सीआर-२०३२’ ही नाण्याएवढी बॅटरी. ती संपली की तारीख मागे जाते आणि डिस्कचा क्रम किंवा सुरू होण्याची पद्धत मूळपदावर येते. लिनक्स जागच्या जागी असूनही सापडत नाही. विंडोज आणि लिनक्स एकत्र असतील तर विंडोजच्या अद्ययावतीकरणानंतरही असे होते. तेव्हा क्रमवारीत ‘उबुंटू’ हे नाव वर आणून पाहावे. मिंटही तेथे बहुधा याच नावाने नोंदलेले असते. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-अद्यतनाने जगभरातील असे अनेक दुहेरी संगणक लिनक्सपुरते अडवले होते. ‘सिक्युअर बूट’ तात्पुरते बंद केल्यावर लिनक्स सुरू होत होते. त्यातील एक फाइलही नष्ट झाली नव्हती.

अद्ययावतीकरणानंतरच अडचण आली असेल, तर ग्रबच्या यादीतील ‘प्रगत पर्याय’ उघडून आधीचा कर्नल निवडावा. जुना कर्नल सहसा जपून ठेवलेला असतो. यादी दिसत नसल्यास सुरुवातीला एस्केप, फार जुन्या संगणकावर शिफ्ट, दाबून पाहावे. सजावटीच्या चिन्हावरच संगणक खिळला असेल तरीही एस्केप दाबावे. पडद्यामागचे संदेश दिसू लागतात. तेथे एखाद्या डिस्कसाठी दीड मिनिटाची मोजणी चालली असेल, तर बहुधा काढून ठेवलेल्या बाह्य डिस्कची नोंद यादीत राहून गेलेली असते. आणि परवलीचा शब्द बरोबर असूनही पुन्हा प्रवेशाच्याच पडद्यावर परत येत असाल, तर डिस्क काठोकाठ भरली आहे का ते आधी पाहावे.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यातले काहीही करू नये. संगणक बंद करावा आणि डिस्क विदा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. सांकेतिक कुलूप घातलेली डिस्क पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावरही परवलीचा शब्द मागेल. तो हरवला असेल, तर फाइल शाबूत असूनही उघडणार नाहीत. मामांनी तो आता कुळवृत्तांताच्या कागदी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे.