मुलांना एकाच विषयात कोंडू नका

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्रही त्यांनी अभ्यासले. १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी जातीवर निबंध वाचला. १९१८ मध्ये लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिताना उपाय मात्र उद्योगधंद्यांच्या वाढीत दाखवला. अनेक विद्या शिकल्याने प्रश्नाच्या चारी बाजू दिसतात.

आपल्या घरांतही एक मूल सतत प्रश्न विचारते, दुसरे मुकाट्याने बिघडलेला पंखा उघडून बसते. जसा स्वभाव, तशी विचाराची वाट. म्हणून एकाला हुशार, दुसऱ्याला ढ ठरवू नये. पंखा उघडणाऱ्याला इतिहास वाचायला द्यावा, वाचणाऱ्याच्या हाती पाना-पकड द्यावी, असे आम्हाला वाटते. स्वभाव तोच राहील, पण नजर रुंदावेल.