बियाण्याच्या पाकिटावरचं चित्र

"जालन्यात राहून चित्रकलेवर घर चालतं का?" लहानपणापासून वहीच्या कोपऱ्यात नक्षी काढणारी मुलं हे विचारतात. मी त्यांना बियाण्याच्या दुकानात नेतो.

1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी इथेच सुरू केली. पुढे जालना बियाण्यांचं गाव झालं. प्रत्येक वाणाला पाकीट लागतं, आणि पाकिटावरचं कपाशीचं बोंड कुणीतरी रेखाटलेलं असतं. काम वाटतं तितकं सोपं नाही. वाणाचं नाव लांबून वाचता यावं, उगवणशक्ती, शुद्धता, लॉट क्रमांक आणि मुदत यांना जागा मिळावी, तरी बोंड देखणं दिसावं! जालना मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मोसंबीच्या पेट्याही चांगल्या लेबलाच्या हक्कदार आहेत.

कलेवर घर चालवण्याच्या बाबतीत मडगावात 1916 साली जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल मला फार जवळचे वाटतात. मुखपृष्ठं काढून ते थांबले नाहीत. स्वतःचा दलाल आर्ट स्टुडिओ उभा केला, 1945 साली 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला. कुंचला आणि हिशेबाची वही दोन्ही त्यांच्याच हाती.

सुरुवात करणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून घ्यावी. सरकारी संकेतस्थळावर ती आधारवर, मोफत होते. एजंटला पैसे देऊ नका. आणि काम घेताना आगाऊ रक्कम किती, दुरुस्त्या किती वेळा, हे आधीच लिहून घ्या. ओळखीच्या माणसाकडूनही.