विळ्याच्या आकाराची तांबडी पेशी

सजीवांच्या संघटनेत रेणू, पेशी, ऊतक, इंद्रिय आणि देह अशा चढत्या पायऱ्या मानल्या जातात. पाठ्यपुस्तकांतील हा क्रम विद्यार्थ्यांना बहुधा कोरडा वाटतो. परंतु तळच्या पायरीवरील अल्पसा फेरफार वरच्या साऱ्या पायऱ्या कसा हादरवितो, हे पाहावयाचे असल्यास नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा इत्यादी आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक विकाराचा विचार करावा.

मनुष्याच्या रक्तातील तांबडी पेशी ही एका अर्थी अपुरी पेशी होय. अस्थिमज्जेत तयार होत असतानाच ती आपले केंद्रक टाकून देते आणि हीमोग्लोबिन या प्राणवायुवाहक प्रथिनाने भरून जाते. केंद्रक नसल्यामुळे तिला विभाजन करता येत नाही, की झिजलेली प्रथिने नव्याने घडविता येत नाहीत. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिची सारी मदार लवचिकपणावर असते. तिचा व्यास मिलिमीटरच्या एक सहस्रांशाच्या सात-आठ पट. पुष्कळ केशवाहिन्या याहूनही अरुंद. तेव्हा तिला दुमडूनच वाट काढावी लागते.

हीमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा व दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओवलेली असून, त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो दोष! हा रेणू सदोष असल्याचे पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले, आणि नेमका फरक इन्ग्रॅम यांनी पुढील दशकात शोधला. प्राणवायू सोडल्यावर असे रेणू एकमेकांस चिकटून लांब तंतू बनतात. पेशी ताठर होते आणि तिला विळ्यासारखा बाक येतो. प्राणवायू मिळताच ती प्रथम पूर्ववत होते. मात्र वारंवार वाकल्याने पेशीपटल बिघडते आणि बाक कायमचा राहतो. अशा पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होतात व पांडुरोग जडतो. केशवाहिन्या तुंबल्या की हाडे व सांधे असह्य दुखू लागतात. प्लीहा निकामी झाल्यावर जंतुसंसर्ग बळावतो.

असा घातक दोष टिकला तरी कसा? एकाच पालकाकडून तो आलेल्या वाहकास हिवतापाच्या गंभीर प्रकारापासून संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून मांडले. हिवतापाच्या प्रदेशांत हा गुण टिकून राहिला, तो यामुळेच. त्यात कोणत्याही समाजाचा कमीपणा नाही. भारतात हा गुण प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील डोंगरी जमातींत नोंदला गेला होता.

वाहक हा रुग्ण नव्हे, हे येथे निक्षून सांगावयास हवे. खेड्यापाड्यांत दोहोंची गल्लत होते, आणि तिचा भार बहुधा मुलींवर पडतो. विद्राव्यता चाचणी दोघांतही होकारार्थी येते. म्हणून विद्युत्‌संचारणासारख्या पुढील तपासणीवाचून निदान पक्के मानू नये. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत रुग्ण अपत्याची शक्यता चारांत एक असते. पहिले अपत्य रुग्ण निघाले म्हणून पुढील तिघांना अभय मिळते, असे मात्र नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून तिच्यात तपासणी व समुपदेशन यांवर भर आहे. उपचारांपैकी हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते. या हीमोग्लोबिनात बीटा साखळी नसते. साहजिकच ते तंतूंत सामील होत नाही. नवजात बालकाच्या रक्तात त्याचेच आधिक्य असल्याने पहिले काही महिने रुग्ण बालकही निरोगी दिसते. लक्षणांची वाट न पाहता जन्मतःच रक्त तपासण्याचे प्रयोजन हेच.